प्रकाररहित मूल्यांना प्रकार कोण देतो? : एक्सएमएल प्रक्रियेचे नियम आणि मराठी ग्रंथनोंदींतील अंक व शकवर्षे

सारांश

एक्सएमएल दस्तऐवजात स्कीमाविना आलेल्या मूल्यांना एक्सपाथ व एक्सक्वेरी या भाषा प्रसंगानुरूप विदाप्रकार बहाल करतात. तो प्रकार मूल्याच्या अर्थावरून ठरत नाही. मूल्यावर होणाऱ्या क्रियेवरून व त्याच्या शेजारी असलेल्या दुसऱ्या मूल्यावरून ठरतो. ही व्यवस्था व्यवहार्य असली तरी तिच्या मुळाशी एकच अंकलिपी व एकच कालगणना गृहीत धरलेली आहे. मुंबईतील जुन्या मराठी मुद्रितांच्या नोंदी हा निकष घेऊन या नियमांचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : प्रकाररहित मूल्य, विदाप्रकार, एक्सपाथ, देवनागरी अंक, शालिवाहन शक, ग्रंथसूची.

१. प्रस्तावना

मराठी मुद्रणाचा इतिहास मोठ्या प्रमाणात मुंबईच्या दक्षिण व मध्य भागात घडला. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाला. गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्यातून पंचांगे व पोथ्या बाहेर पडल्या. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. १ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली, १९३५ मध्ये गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ उभा राहिला. या परंपरेतील ग्रंथांच्या नोंदी आज संगणकावर घेतल्या जातात, आणि एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत जाताना त्या बहुधा एक्सएमएलच्या रूपाने प्रवास करतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ मध्ये सिद्ध केलेले मार्क-एक्सएमएल हे त्याचे परिचित उदाहरण होय.

या नोंदींतील एक घटक वरकरणी अगदी साधा आहे : प्रकाशनवर्ष. परंतु जुन्या मराठी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ते 'शके १७९०' असे असते, कधी 'सन १८६८' असे असते, कधी दोन्ही असतात आणि कधी काहीच नसते. अंक देवनागरी असतात किंवा इंग्रजी असतात. नोंद करणारा ग्रंथपाल समोर दिसते ते लिहितो. पुढे एखादा अभ्यासक '१९०० पूर्वीचे ग्रंथ दाखवा' अशी पृच्छा करतो, तेव्हा त्या अक्षरमालिकेला संख्या मानायचे, तारीख मानायचे की निव्वळ मजकूर, हा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो. स्कीमा नसेल तर हा निर्णय भाषेचे नियम घेतात. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडाची मराठी ग्रंथसूची सिद्ध केली, तेव्हा हाच निर्णय संपादकाने प्रत्येक नोंदीगणिक घेतला होता. यंत्र तो नियमाने घेते. म्हणून नियम तपासणे अगत्याचे ठरते.

२. 'प्रकाररहित' या संज्ञेचा अर्थ

एक्सएमएल १.० ही शिफारस डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसृत केली. तिच्यातील डीटीडी या व्यवस्थेत घटकाच्या आत कोणते घटक यावेत हे सांगता येत असे. परंतु घटकातील मजकूर संख्या आहे की दिनांक, हे सांगण्याची सोय नव्हती. १६ नोव्हेंबर १९९९ च्या एक्सपाथ १.० मध्ये नोडसंच, संख्या, मजकूर आणि सत्यासत्य असे अवघे चारच प्रकार होते. २ मे २००१ रोजी आलेल्या एक्सएमएल स्कीमाने १९ मूलभूत आणि त्यांवरून साधलेले २५ असे एकूण ४४ अंगभूत विदाप्रकार दिले. पुढे २३ जानेवारी २००७ रोजी एक्सपाथ २.०, एक्सक्वेरी १.० व एक्सएसएलटी २.० या शिफारशी एकत्र आल्या आणि त्यांनी हे सर्व प्रकार आपलेसे केले.

तथापि जगातील असंख्य एक्सएमएल दस्तऐवजांना स्कीमाच नसतो, किंवा असला तरी प्रक्रियेच्या वेळी तो तपासला जात नाही. अशा दस्तऐवजातील मूल्यांसाठी २००७ च्या शिफारशींनी 'अनटाइप्ड अ‍ॅटॉमिक' हा स्वतंत्र प्रकार निर्माण केला. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावयास हवा. प्रकाररहित मूल्य म्हणजे मजकूर नव्हे. 'मजकूर' हा एक निर्णय आहे. हे मूल्य संख्या नाही, असे तो सांगतो. 'प्रकाररहित' ही निर्णय राखून ठेवल्याची खूण आहे.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. मार्क-एक्सएमएलच्या स्कीमात उपक्षेत्रातील आशय 'मजकूर' म्हणून घोषित केलेला आहे. स्कीमा न तपासता '१८६८' या वर्षाची १९०० या संख्येशी तुलना केली, आणि त्यातील अंक इंग्रजी असले, तर मूल्य प्रकाररहित असल्याने ते संख्येत रूपांतरित होऊन तुलना पार पडते. तोच दस्तऐवज स्कीमानुसार तपासून घेतला की तेच मूल्य 'मजकूर' बनते आणि तीच तुलना प्रकारदोष म्हणून नाकारली जाते. दस्तऐवज अधिक शिस्तबद्ध केल्यावर आधी चालणारी पृच्छा बंद पडते, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु राखून ठेवलेला निर्णय आणि घेतलेला निर्णय यांतील अंतर पाहिले की ते सुसंगत ठरते.

३. क्रियेवरून ठरणारा प्रकार

राखून ठेवलेला निर्णय अखेर केव्हा आणि कसा घेतला जातो? २००७ च्या नियमांचा सारांश पुढीलप्रमाणे मांडता येईल. प्रकाररहित मूल्याची सामान्य तुलना संख्येशी झाली तर ते 'डबल' या दशांश-चल संख्येत रूपांतरित होते. दिनांकाशी झाली तर दिनांकात होते. मजकुराशी किंवा दुसऱ्या प्रकाररहित मूल्याशी झाली तर ते मजकूर मानले जाते. अंकगणिती क्रियेत ते 'डबल' होते. फलनाला दिले तर त्या फलनाला अपेक्षित असलेला प्रकार ते धारण करते.

या नियमांना त्यांचे स्वतःचे तर्कशास्त्र आहे. तरीही त्यांचे परिणाम एकत्र मांडल्यास विसंगती दिसू लागते. समजा, दोन ग्रंथांची पृष्ठसंख्या इंग्रजी अंकांत अनुक्रमे ९९ व १०० अशी नोंदलेली आहे. दोन्ही मूल्ये प्रकाररहित आहेत. त्यांची परस्परांशी तुलना केली तर मजकुराच्या नियमाने ९९ हे १०० पेक्षा मोठे ठरते, कारण पहिल्या अक्षराच्या स्थानी ९ हा १ नंतर येतो. सर्वांत मोठे मूल्य काढणारे 'मॅक्स' हे फलन मात्र त्याच मूल्यांना 'डबल' मानते व १०० हे उत्तर देते. एक्सक्वेरीत उतरत्या क्रमाने मांडणी केली तर 'ऑर्डर बाय' हे पदबंध त्यांना पुन्हा मजकूर मानते आणि ९९ वरच्या स्थानी ठेवते. एकाच भाषेत, एकाच दस्तऐवजावर, एकाच मूल्याला दोन क्रियांनी दोन प्रकार दिले, आणि कोणतीही त्रुटी दर्शवली गेली नाही.

समानतेच्या बाबतीतही हेच घडते. सामान्य तुलनेचे बरोबरीचे चिन्ह वापरले तर प्रकाररहित वर्ष संख्येशी जुळते. एकेका मूल्याची तुलना करणारे 'ईक्यू' हे क्रियापद वापरले तर तेच वर्ष आधी मजकूर ठरते व संख्येशी तुलना करण्यास भाषा नकार देते. शिकणाऱ्याला ही दोन चिन्हे एकाच अर्थाची वाटतात; प्रकारांच्या दृष्टीने ती भिन्न आहेत.

'डबल'ची निवडही निर्धोक नाही. या प्रकारातील संख्या दहा लाख किंवा त्याहून मोठी झाली की तिचे मजकुरात रूपांतर घातांकाच्या पद्धतीने होते. दाखलनोंद क्रमांकांतील सर्वांत मोठा क्रमांक काढून त्यात एक मिळवण्याची रीत अनेक ठिकाणी असते. तो क्रमांक दहा लाखांच्या आत असेपर्यंत सर्व सुरळीत चालते. पुढे छापलेल्या चिठ्ठीवर अचानक दशांशचिन्ह आणि घातांकाचे अक्षर उमटते. आरंभीची शून्ये तर पहिल्याच रूपांतरणात लोप पावतात.

४. मौन आणि त्रुटी

एक्सपाथच्या दोन आवृत्त्यांमधील फरक या चर्चेत महत्त्वाचा आहे. १.० मध्ये लहान-मोठेपणाची तुलना नेहमी संख्येतच होत असे. ९९ आणि १०० यांचा निकाल तेथे बरोबर लागे. २.० मध्ये दोन प्रकाररहित मूल्यांची तुलना मजकूर म्हणून होऊ लागली आणि त्याच चिन्हाने उलट उत्तर दिले. जुन्या रचनांसाठी अनुरूपतेची वेगळी अवस्था ठेवावी लागली, ती याच कारणाने.

परंतु १.० मध्ये दुसरा धोका होता. ज्या मजकुराचे संख्येत रूपांतर होऊ शकत नाही त्याला 'संख्या नव्हे' असे विशेष मूल्य मिळते, आणि या मूल्याशी केलेली लहान, मोठे किंवा समान ही प्रत्येक तुलना असत्य ठरते. 'शके १७९०' हे मूल्य १९०० पेक्षा लहान नाही, मोठेही नाही आणि समानही नाही. '१९०० पूर्वीचे ग्रंथ' या यादीत ते येत नाही. '१९०० व नंतरचे ग्रंथ' या यादीतही येत नाही. दुसरी यादी '१९०० पूर्वीचे नसलेले' अशा नकारार्थी शब्दांत मागितली, तर मात्र तोच ग्रंथ तिच्यात हजर होतो. गणिताच्या दृष्टीने एकच असलेले दोन प्रश्न दोन उत्तरे देतात. अभ्यासकाच्या पडद्यावर त्याची कोणतीही सूचना उमटत नाही.

२.० ने हे मौन मोडले. रूपांतर शक्य नसेल तर सामान्यतः पृच्छाच थांबते व त्रुटी दर्शवली जाते. ही प्रगती होय. थांबलेली पृच्छा त्रासदायक असते. परंतु ती खोटे उत्तर देत नाही. तथापि १.० चे युग संपले असे समजणे चूक ठरेल. लिबएक्सएमएल हे बहुप्रचलित साधन एक्सपाथ १.० वरच आधारलेले आहे, आणि ग्रंथालयांत लोकप्रिय असलेली कोहा ही मुक्तस्रोत प्रणाली नोंदींच्या प्रदर्शनासाठी त्याच पिढीच्या एक्सएसएलटीचा वापर करते. म्हणजे मौनाचा नियम आजच्या वाचकापर्यंतही पोहोचतो.

५. देवनागरी अंकांचा प्रश्न

आतापर्यंतची उदाहरणे कोणत्याही भाषेत संभवतात. मराठी नोंदींपुढील अडचण याहून पुढची आहे. 'शके' हा शब्द नसलेले, केवळ 'सन'चे शुद्ध चार अंकी वर्ष देवनागरी अंकांत लिहिले, तरी त्याचे संख्येत रूपांतर होत नाही. स्कीमातील पूर्णांक, दशांश व वर्ष या सर्व प्रकारांनी केवळ इंग्रजी अंकच मान्य केलेले आहेत. मराठी वाचकाला जी संख्या आहे, ती एक्सएमएल स्कीमाला संख्या नव्हे.

हा नियम अपरिहार्य होता, असा बचाव करता येतो. विदेची देवाणघेवाण एकाच रूपात व्हावी आणि स्थानिक रूप केवळ वाचकापुढे मांडताना यावे, ही भूमिका समजण्याजोगी आहे. परंतु स्कीमाची स्वतःचीच रचना या बचावाला पुरती साथ देत नाही. स्कीमा प्रत्येक प्रकारासाठी मूल्यांचा संच आणि लेखनरूपांचा संच असे दोन संच वेगळे मानतो. अधिकचे चिन्ह लावलेले, आरंभी शून्ये असलेले आणि साधे, अशी एकाच पूर्णांकाची अनेक लेखनरूपे त्याला मान्य आहेत. तेव्हा एका मूल्याला अनेक रूपे असण्यास तत्त्वतः हरकत नव्हती; हरकत लिपीपुरतीच राहिली.

विसंगतीचा दुसरा पुरावा नमुना तपासण्याच्या व्यवस्थेत सापडतो. स्कीमाच्या नमुन्यांत 'कोणताही अंक' यासाठी जे संक्षिप्त चिन्ह आहे, ते युनिकोडमधील सर्व दशमान अंकांना लागू पडते. त्यांत देवनागरी अंकही आले. म्हणजे मजकूर म्हणून घोषित केलेल्या घटकावर 'चार अंक असावेत' अशी अट घातली, तर 'देवनागरी १८६८' ही अट निर्वेधपणे पूर्ण करते. त्याच मूल्याला पूर्णांकात बदलू पाहिले की ते अमान्य होते. तपासणीच्या एका खिडकीवर ज्याला अंक म्हणून प्रवेश मिळाला, त्याला दुसऱ्या खिडकीवर परत पाठवले जाते.

तिसरा पुरावा क्रमवारीचा. युनिकोडच्या क्रमानुसार केवळ संकेतांक पाहून मांडणी केली तर प्रत्येक देवनागरी अंक प्रत्येक इंग्रजी अंकाच्या नंतर येतो. परिणामी देवनागरीत नोंदलेले १८३२ हे वर्ष इंग्रजी अंकांतील २००७ च्याही पुढे जाते. मिश्र अंकांच्या सूचीत सगळी मराठी अंकांतील वर्षे शेवटी एकत्र गोळा होतात आणि कालानुक्रम दोन तुकड्यांत मोडतो. युनिकोडच्या अनुक्रमण पद्धतीने यावर उपाय दिलेला आहे. तेथे भिन्न लिप्यांतील समान मूल्याचे अंक प्रथम पातळीवर समान मानले जातात. २१ मार्च २०१७ च्या एक्सपाथ ३.१ मध्ये या अनुक्रमणाला अधिकृत स्थान मिळाले. म्हणजे मजकुराच्या जगाने जे मान्य केले, ते संख्येच्या जगाने मान्य केलेले नाही.

सर्वांत बोलका पुरावा मात्र निर्गमनाचा आहे. १९९९ च्या एक्सएसएलटी १.० पासूनच क्रमांक देवनागरी अंकांत छापण्याची सोय आहे. संख्येचे रूप ठरवताना शून्याचे चिन्ह देवनागरी निवडता येते. म्हणजे ही व्यवस्था देवनागरी अंक लिहू शकते. वाचू शकत नाही. स्थानिक अंकांना तिने सजावटीचे स्थान दिले, पुराव्याचे दिले नाही. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य होते असेही नाही. पायथन व जावा या भाषांमधील मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करणारी नित्याची फलने देवनागरी अंक स्वीकारतात.

६. शकवर्ष आणि कालगणनेचे गृहीतक

अंकांचा प्रश्न अक्षरबदलाने सुटण्याजोगा आहे. कालगणनेचा प्रश्न तसा नाही. स्कीमातील वर्ष, महिना व दिवस यांच्या आंशिक प्रकारांच्या नावांतील पहिले अक्षर 'ग्रेगोरियन' या शब्दाचे आहे. नाव प्रामाणिक आहे. पण त्याला समांतर असा दुसऱ्या कालगणनेचा प्रकार कोठेही नाही.

शालिवाहन शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. त्यामुळे एक शकवर्ष दोन इसवी सनांवर पसरते. शके १७९० म्हणजे १८६८–६९. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवावे लागतात, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेचा १ ऑगस्ट १८९८ हा दिवस शके १८२० मध्ये येतो. तेथे ७८ चे गणित जुळते. 'दर्पण'चा ६ जानेवारी १८३२ हा दिवस मात्र शके १७५३ मध्ये पडतो. सरसकट ७८ मिळवणारी आज्ञावली मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ १८३१ मध्ये नेऊन ठेवील. महिना ठाऊक नसेल तर शकवर्षाचे यथार्थ रूपांतर एका वर्षात होऊच शकत नाही. ते एका कालावधीत होते. २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतील दिनांकांचे रूपांतर निश्चित गणिताने करता येते, परंतु पंचांगातील चांद्र तिथींना ती सवलत नाही. १९७३ पासून घरोघरी पोहोचलेल्या 'कालनिर्णय'ने दोन्ही गणना एकाच चौकटीत शेजारी छापल्या. मराठी माणसाला त्यात कधी संभ्रम वाटला नाही. विदाप्रकाराच्या रचनेत अशा दुहेरी चौकटीला जागा नाही.

येथेही निर्गमनाचा तोच पक्षपात आढळतो. एक्सएसएलटी २.० मधील दिनांक छापणाऱ्या फलनाला कालगणना सांगता येते, आणि त्यासाठी दिलेल्या संकेतांच्या यादीत शक व विक्रम संवत यांचा समावेश आहे. त्यांना प्रत्यक्ष पाठबळ देणे न देणे प्रणालीवर सोपवले आहे. ग्रेगोरियन दिनांक शकात दाखवण्याची कल्पना नियमकर्त्यांना सुचली. शकातील दिनांक आत घेण्याची सोय मात्र त्यांनी केली नाही.

या साऱ्यात सर्वांत घातक स्थिती कोणती? ज्या नोंदीत 'शके' हा शब्द गळून केवळ इंग्रजी अंकांतील '१७९०' उरले आहे, ती. हे मूल्य संख्या म्हणून वैध आहे, ग्रेगोरियन वर्ष म्हणूनही वैध आहे. कोणतीही प्रकारतपासणी त्याला अडवणार नाही. तो ग्रंथ अठराव्या शतकात जाऊन बसेल आणि मुंबईत मराठी पुस्तक छापले जाण्याचा काळ ७८ वर्षे मागे सरकेल. 'शके १७९०' हे मूल्य निदान त्रुटी तरी देते. प्रकाराची शुद्धता आणि अर्थाची शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे पुरेसे स्पष्ट होते. किंबहुना शुद्ध प्रकार हाच येथे चुकीचा आडोसा बनतो.

७. प्रकाररहिततेची बाजू

या दोषांवरून सर्व मूल्यांना आरंभीच प्रकार द्यावा, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परळच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. त्यांच्या खोल्यांचे क्रमांक ५० व ५१ असे सांगितले जातात. अशा पत्त्यात खोली क्रमांकाच्या जागी '५०-५१' असे लिहिले जाते. हे मूल्य संख्या नाही, वजाबाकी नाही, श्रेणीही नाही. ते एका बिऱ्हाडाचे दोन दरवाजे आहेत. परळ-लालबागच्या चाळींत '१०', '१०-अ' आणि 'तळमजला १०' अशा खुणा शेजारी शेजारी असू शकतात. तेथे पूर्णांकाची सक्ती केली तर नोंद करणारा माणूस नियमाला शरण जाईल आणि वस्तुस्थिती कापून लिहील. गिरगावचा ४००००४ हा पिनकोड अंकांनी बनलेला असूनही संख्या नाही. त्यात एक मिळवण्याला अर्थ नाही.

ग्रंथनोंदीतही तेच. चौकटी कंसातील प्रश्नचिन्हांकित वर्ष, 'दुसरी आवृत्ती शके १७९३' अशी टीप, मुखपृष्ठ फाटल्याने अर्धवट राहिलेले अंक, हे सारे पुरावे आहेत. कठोर स्कीमा त्यांना नाकारतो किंवा गुळगुळीत करतो. प्रकाररहित मूल्य त्यांना जसेच्या तसे धारण करते. या अर्थाने प्रकाररहितता हा मूळ पाठाचा आदर आहे.

आर्थिक बाजूही विसरता येत नाही. स्कीमाची जाण ठेवून प्रक्रिया करणारी साधने मोजकी आहेत. सॅक्सन या प्रसिद्ध साधनाच्या विनामूल्य आवृत्तीत ही सोय नाही. ती सशुल्क एंटरप्राइज आवृत्तीत मिळते. मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांना व महाविद्यालयांना प्रकाररहित मूल्यांसोबतच काम करावे लागणार, हे वास्तव आहे.

म्हणून दोष प्रकाररहिततेत नाही. तो दोन ठिकाणी आहे. पहिला, राखून ठेवलेला निर्णय भाषा गुपचूप आणि क्रियेगणिक वेगळा घेते. दुसरा, तो निर्णय घेताना तिच्यासमोर असलेले पर्याय एकाच लिपीचे व एकाच कालगणनेचे आहेत.

८. व्यवहार्य मार्ग

ग्रंथालयशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर एक्सएमएलच्या आधीच शोधले होते. एएसीआर-२ या सूचीकरणसंहितेनुसार अन्य कालगणनेतील वर्ष जसे आहे तसे उतरवून त्यापुढे चौकटी कंसात ग्रेगोरियन वर्ष द्यावयाचे असते. पहिला भाग पुरावा, दुसरा भाग अर्थनिर्णय. मार्क पद्धतीतही प्रकाशनक्षेत्रात उतरवलेले वर्ष आणि ००८ या क्षेत्रातील नियत स्थानांवरील संकेतबद्ध वर्ष अशी दुहेरी सोय आहे. अज्ञात अंकाच्या जागी तेथे ठरावीक अक्षरही घालता येते. ००८ चे स्थान रिकामे किंवा अंदाजाने भरलेले राहते, हा पद्धतीचा दोष नाही. तो सवयीचा आहे.

टीईआयच्या २००७ मधील पी-५ या मार्गदर्शिकेने हेच तत्त्व एक्सएमएलमध्ये अधिक नेटकेपणाने आणले. दिनांकाच्या घटकात मूळ मजकूर राहतो. गुणधर्मांत 'याच्या आधी नाही' व 'याच्या नंतर नाही' अशा दोन सीमा आणि मूळ कालगणनेचा उल्लेख करता येतो. शके १७९० साठी मार्च १८६८ आणि मार्च १८६९ या सीमा देता येतात. कालावधी व अनिश्चितता व्यक्त करणारी ईडीटीएफ ही लेखनपद्धती २०१९ मध्ये आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात समाविष्ट झाली, तिचाही उपयोग होऊ शकतो; मात्र तीही ग्रेगोरियनच आहे.

ज्यांच्याकडे केवळ जुन्या नोंदी व सामान्य साधने आहेत, त्यांनाही काही पथ्ये पाळता येतील. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर 'ट्रान्सलेट' या फलनाने एक्सपाथ १.० मध्येही एका ओळीत करता येते. २.० व पुढील आवृत्त्यांत मूल्य अपेक्षित प्रकारात बदलण्याजोगे आहे का, हे 'कास्टेबल' या क्रियापदाने आधी तपासता येते. जी मूल्ये उतरत नाहीत त्यांची वेगळी यादी काढून ती ग्रंथपालापुढे ठेवता येते. तुलना व क्रमवारी यांपूर्वी प्रकार स्पष्टपणे लिहावा, भाषेच्या मूळ नियमावर सोडू नये. शोधाचे उत्तर देताना किती नोंदींचे वर्ष समजले नाही, हा आकडाही वाचकाला दाखवावा. या शेवटच्या सूचनेला तांत्रिक खर्च जवळजवळ नाही, आणि तिचा लाभ सर्वाधिक आहे.

९. निष्कर्ष

एक्सएमएल प्रक्रियेतील प्रकाररहित मूल्यांविषयीचे नियम बेफिकिरीने केलेले नाहीत. स्कीमा असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही जगांना एकाच भाषेत नांदवण्याचा तो तडजोडीचा प्रयत्न होता, आणि १.० च्या मौनापेक्षा २.० ची त्रुटी अधिक प्रामाणिक आहे. परंतु मराठी नोंदींच्या कसोटीवर या तडजोडीची किंमत एकाच बाजूने चुकती होते असे दिसते. इंग्रजी अंकांतील ग्रेगोरियन वर्ष विनासायास संख्या होते. देवनागरी अंकांतील शकवर्ष गळते, अडते किंवा चुकीच्या शतकात जाते. अशा शोधातून मराठी मुद्रणाचा जो कालपट तयार होईल, त्यात इंग्रजी वळणाने नोंदलेले ग्रंथ अधिक ठळक दिसतील आणि पंचांगाच्या वळणाने छापलेले मागे राहतील. तो इतिहासाचा निष्कर्ष नसेल. तो रूपांतरणाच्या नियमाचा परिणाम असेल. संख्यात्मक पद्धतीने साहित्येतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने हा भेद आधी ओळखणे आवश्यक आहे.

मूल्याला प्रकार देणे ही अर्थनिर्णयाची कृती आहे, आणि ती दात्यांच्या सूचीइतकीच संपादकीय आहे. ती यंत्राच्या मूळ नियमावर सोडली तरी कोणाचा तरी अर्थनिर्णय लागू होतोच. फक्त तो कोणी व कोणत्या आधारावर केला, हे नोंदीत उरत नाही. मराठी ग्रंथसूची एक्सएमएलमध्ये नेताना मूळ पाठ आणि त्याचा लावलेला अर्थ यांना स्वतंत्र जागा देणे, आणि अर्थ लावणाऱ्याची जबाबदारी नोंदवणे, हीच या नियमांच्या मर्यादेत उपलब्ध असलेली सर्वांत विश्वासार्ह वाट होय.